कंदीलवाल्याचा मामा

आठवड्यात मला सुट्टी एकच, गुरुवारची. बाकी सहा दिवस मी सांगलीत एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो. सतरा वर्षं फौजेत उभा राहिलो, आता इथं उभा आहे. पायाच्या पोटऱ्या रात्रंदिवस ठणकतात. गुरुवारी माणसानं हातपाय पसरून झोपावं की नाही? पण नाही. गेले दोन महिने दर गुरुवारी मी बुधगावातनं मोटारसायकल काढतो, माधवनगरात अश्फाकभाईच्या घरी जातो आणि टीव्हीपुढं बसून गेम खेळतो. सदतीस वर्षांचा बाप्या! बायको म्हणते, "तुमाला लाज कशी वाटत न्हाई ओ?" वाटते की. पण जातो.

कारण अश्फाकभाईचे डोळे गेलेत. शुगरनं गेले. मिरजेत लेसर झालं, डोळ्यात सुया झाल्या, सगळं झालं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पंधरा वर्षं मोबाईलच्या पोटातले केसाएवढे तुकडे जोडणारा माणूस, त्याला आज चहाचा कप हातात द्यावा लागतो. त्याची बायको आसियाभाभी कप देताना प्रत्येक वेळी म्हणते, "डोळं गेलं, पण खूळ काय जात न्हाई ह्यांचं." हे खूळ म्हणजे कंदीलवाला.

कंदीलवाला हे नाव आम्हीच ठेवलेलं. त्या गेमचं खरं नाव काय ते आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हतं. डिस्क जपानी होती, पुण्याहून कुणीतरी नक्कल करून आणलेली. वर चित्र होतं एका पोराचं, हातात कंदील, मागं डोंगर. मी आठवीत होतो. माधवनगरची कापडाची मिल बंद पडून काही वर्षं झाली होती, आणि अश्फाकभाईनं घरातल्या पुढच्या खोलीत तीन टीव्ही मांडून गेमचं दुकान काढलं होतं. आम्ही बुधगावातनं सायकली हाणत यायचो. अश्फाकभाई मागं स्टुलावर बसायचा, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि पडद्यावर जे चाललंय ते आम्हाला मराठीत सांगायचा.

जपानीतलं ओ की ठो त्यालाही कळत नव्हतं. तरी सांगायचा! त्या पोराबरोबर एक म्हातारा असायचा, पांढऱ्या दाढीचा. पोरगं पडलं की उचलायचा, वाट चुकलं की काठीनं दाखवायचा. अश्फाकभाईनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "ह्यो मामा हाय त्याचा." झालं. पोराचं गाव जळालेलं, आईबाप गेलेले, मग सांभाळणारा मामाच असणार, दुसरं कोण असतंय? म्हातारा जपानीत काहीतरी गुरगुरायचा आणि अश्फाकभाई मागनं आवाज काढून बोलायचा, "जेवलास का रं?" आम्ही लोळून हसायचो. शत्रू चाल करून येतोय, पूल तुटतोय, आणि मामा विचारतोय जेवलास का.

अश्फाकभाईला स्वतःला त्याच्या मामानंच वाढवलं, हे मला पुढं कळलं. कुतुबुद्दीन मामा, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. बाप वारला तेव्हा अश्फाकभाई नऊ वर्षांचा. मामानं सायकलवर पुढं बसवून त्याला माधवनगरला आणला तो कायमचाच.

असे कंदीलवाल्याचे एकूण सात भाग निघाले. कुठला भाग एक नंबर, यावर आमच्यात डोकी फुटायची वेळ यायची. पहिला अगदी साधा, सगळा मातीच्या रंगाचा; पोरगं भिंतीला अडकलं की अडकलंच. पण डोंगरावर पहिल्यांदा कंदील पेटतो तेव्हा अंगावर काटा यायचा, हे खोटं नाही. दुसऱ्यात होड्या आल्या. पाणी लय भारी, पण दोन तास होडीच वल्हवायची म्हणजे माणूस वैतागतो. तिसरा मी म्हणायचो एक नंबर. त्यात गुहा आहे, आणि गुहेच्या शेवटी पोराला वर ढकलून मामा खाली नदीत पडतो. त्या दिवशी दुसऱ्या टीव्हींपुढची पोरंही उठून आमच्या मागं उभी राहिली. आमच्यातला एक तर हुंदके देऊन रडला. अश्फाकभाई म्हणाला, "मेला न्हाई रं. मामा असा मरत न्हाई. बघा तुमी, माघारी येतोय."

चौथ्यात मामा आला नाही. त्यात पोराच्या हातात बंदूक दिली होती, आणि दुश्मन गुडघ्यावर आला की ढोल वाजायचा: धडाम, धडाम, आणि पडद्यावर दोन बटणं, मारायचं का सोडायचं. पोरांना लय आवडला तो भाग. अश्फाकभाईला नाही. "कंदीलवाल्याला बंदूक कशाला? फौज हाय व्हय ही?" असं म्हणायचा. मी त्याच वर्षी भरती झालो. पाचवा मी सुट्टीवर आल्यावर खेळलो. त्यात एवढा मोठा मुलूख केला होता की घोड्यावरनं दिवसभर फिरा, काय करायचं तेच कळायचं नाही. मामा त्यातही नाही. तोवर दुकानही बंद पडत आलं होतं. पोरांच्या हातात मोबाईल आले, आणि अश्फाकभाई तेच दुरुस्त करायला लागला. सहावा मी राजस्थानात क्वार्टरमध्ये एकट्यानं खेळलो, अर्धाच. मागनं बोलणारं कुणी नसलं की त्यात काही राम नव्हता.

अश्फाकभाईला मी दर सुट्टीत विचारायचो, "आवं, एकदा सांगा की, एक नंबर कुटला?" तो एकच उत्तर द्यायचा. "मामा माघारी येऊ दे. मग सांगतो."

आणि यंदा सातवा भाग आला, शेवटचा. त्याच्या जाहिरातीत पांढरी दाढी दिसली. अश्फाकभाईची मुलगी अरिबा पुण्यात नोकरीला असते, तिनं ते पाहिलं आणि ईदला येताना नवं यंत्र आणि गेम घेऊनच आली. ती मला फोनवर म्हणाली, "काका, अब्बांना दिसत नाही, पण त्यांना मामाचं काय झालं ते कळायला पाहिजे. तुम्ही खेळा, त्यांना सांगा. तुमच्याशिवाय कोण आहे?" फौजेतल्या माणसाला असं कुणी म्हणालं की तो मेलाच. मी हो म्हणालो.

पहिले गुरुवार लय मजेत गेले. मी खेळायचो आणि अश्फाकभाई माझ्या शेजारी गादीवर मांडी घालून कान देऊन बसायचा. मी वाट चुकलो की म्हणायचा, "धैर्या, डावीकडं पाणी वाजतंय, तिकडं चल." डोळे असून मी आंधळा, आणि त्याला सगळं दिसत होतं. बोलणं इंग्रजीत होतं, पण खाली हिंदी अक्षरं यायची. ती मी वाचून मराठीत सांगायचो. पाचव्या गुरुवारी मामा आला. एका जुन्या देवळाच्या पायरीवर बसला होता, दाढी आणखी वाढलेली. मी ओरडलो, "अश्फाकभाई, आला!" त्यानं माझा गुडघा घट्ट धरला. "मी म्हणलो नव्हतो?" आसियाभाभीला हाक मारली, "आगं ए, मामा आला!" तिनं आतनं विचारलं, "कुनाचा?" आणि आम्ही दोघं हसत सुटलो.

मग म्हातारा बोलला. खाली अक्षरं आली. मी ती एकदा वाचली, मग परत वाचली.

'मैं तेरा कोई नहीं लगता। तेरे गाँव को आग मैंने लगाई थी।'

सगळंच उलटं झालं. त्यानंच गाव जाळलेलं. पोराला सांभाळायला नाही, पाळत ठेवायला बरोबर राहिलेला. नदीत पडला तोही मुद्दाम. पहिल्या भागापासनं हेच होतं म्हणे, जपानीत. आम्हाला काय कळतंय! सांगायची चोरी, पण मला खरंच वाईट वाटलं. फौजेत चौकीवर नवीन पोरं आली, घरच्या आठवणीनं तोंड पाडून बसली, की मी त्यांना मामासारखा आवाज काढून जेवलास का विचारत आलेलो. आणि हा हलकट निघाला.

"काय म्हणतोय?" अश्फाकभाईनं विचारलं. त्याचं तोंड टीव्हीकडं होतं, लहान पोरासारखं वर केलेलं.

"म्हणतोय, जेवलास का रं," मी म्हणालो.

तो एवढा हसला! डोळ्यांतनं पाणी आलं त्याच्या. आता ह्या माणसाला खरं कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिथनं माझे हाल सुरू झाले. एक थाप मारली की तिच्या पोटात दुसरी. पुढचे तीन गुरुवार मी अख्खी वेगळी गोष्ट रचत होतो. पडद्यावर म्हातारा पोराला फसवून दरीत नेतोय, आणि मी सांगतोय, मामाच्या पायाला लागलंय, पोरगं औषध शोधतंय. बँकेच्या दारात उभा राहून पुढच्या गुरुवारचं जुळवायचो. एकदा मॅनेजर समोरनं गेले तरी सलाम राहून गेला. झोप उडाली. आणि राग यायचा तो अश्फाकभाईचाच. कुणी सांगितलं होतं याला मामा म्हणायला? गप म्हातारा म्हणायचं आणि सोडून द्यायचं! नाही, दाढीचा माणूस दिसला की यांना मामा. एवढं बोलायचो मनात, आणि त्याच्या दारात गाडी लावली की गप्प. आसियाभाभी म्हणाली, "भाऊ, तुमी लय दमल्यासारखं दिसताय. नका येऊ एखाद्या बारीला." मी म्हणालो, "संपतच आलंय, भाभी."

परवाच्या गुरुवारी शेवट आला. कड्याच्या टोकावर म्हातारा आणि पोरगं समोरासमोर. मी अश्फाकभाईला सांगत होतो, मामा थकलाय, पोरगं त्याला घरी न्यायला आलंय. पडद्यावर पोरगं त्याला बुकलत होतं. म्हातारा गुडघ्यावर आला. आणि एकदम ढोल वाजला. धडाम, धडाम.

अश्फाकभाईचा हात हवेतच थांबला.

"ह्यो आवाज दुश्मनापुढं येतोय," तो म्हणाला. "चौथ्या भागापासनं. मामापुढं का आला?"

ढोल वाजतच होता. बटण दाबेपर्यंत थांबत नाही तो.

"धैर्या. मारायचं का सोडायचं विचारतोय न्हवं?"

"व्हय."

"मामाला?"

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. थकलो होतो मी, खरंच थकलो होतो. सगळं सांगून टाकलं. गाव, आग, पाळत, नदी. मी काय काय खोटं रचलं तेही. बोलताना माझा आवाज चढला, जणू त्यानंच माझं काही केलं होतं. "तो मामा न्हाईच, अश्फाकभाई! कवाच नव्हता! आपणच म्हणत बसलो!"

आसियाभाभी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अश्फाकभाईनं चेहऱ्यावरनं हात फिरवला, हळूहळू, कपाळापासनं हनुवटीपर्यंत.

"तुला कवापासनं ठाऊक हाय?"

"आज चौथा गुरुवार."

"आन् ड्युटी करून येऊन मला थापा मारत बसलास."

"मग काय करणार? तुमी एवढं हसला."

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "मला लिहिलेलं कळत नव्हतं. पोरगं एकटं, संगं मोठा माणूस. मला दुसरं काय सुचलंच न्हाई रं." मग तो एकदम चिडला. "पण ह्यांनी तरी असं करायचं? चांगला म्हातारा होता! सातवा शेवटी टाक. एकदम शेवटी. तिसरा एक नंबर, आन् परत विचारू नको."

ढोल चालूच. पडद्यावर तो म्हातारा गुडघ्यावर, मान खाली घालून. माझ्या मनात त्याच्याबद्दल एवढी चीड साठली होती की अंगठा आपोआप त्या बटणावर गेला. तीन आठवडे झोपू दिलं नव्हतं त्यानं मला.

"मारतो त्याला," मी म्हणालो.

"आरं ए!" अश्फाकभाईनं चाचपडत माझा हात शोधला आणि मनगट पकडलं. अंधारातही पकड तशीच होती त्याची. "वीस वर्सं मामा म्हणलोय आपण त्याला. आता मामावर हात टाकायचा व्हय?"

"गाव जाळलंय त्यानं!"

"जाळलं असंल. सोड त्याला. जाऊ दे."

मी 'सोडायचं'चं बटण दाबलं. ढोल थांबला. अश्फाकभाईनं माझं मनगट मात्र बराच वेळ सोडलं नाही, आणि मीही काढून घेतलं नाही.