उसाच्या फडातली खुर्ची

"आदी बसा, मग फोटू." कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी आमचे फोटोग्राफर एवढेच म्हणत.

कराडच्या रस्त्याला तुम्हीही त्यांना पाहिले असेल. जुनी स्कूटर आणि मागे दोरीने बांधलेली लाल मखमलीची खुर्ची, लग्नात नवरदेवाला बसवतात तसली. पण स्कूटर शिरायची उसाच्या फडात. तिथे आमच्या गावची टोळी ऊस तोडत असे. टोळीतली सर्वांत वडील बाई, आमची आक्का, कोयता मांडीवर ठेवून खुर्चीत बसे. बाकीचे मागे उभे राहत. दर हंगामाला असा एक फोटो.

एकदा पुण्याहून एक जाणकार आले. फोटो पाहून त्यांना फार वाईट वाटले. मजुरांबद्दल नव्हे, खुर्चीबद्दल. "हे खरं वाटत नाही. मजूर वाकलेला हवा."

"वाकल्याली लय जण काढत्यात, सायेब. मी बसल्याली काढतो."

त्या वर्षी फोटोंच्या स्पर्धेत एका वाकलेल्या पाठीला बक्षीस मिळाले. पाठ कुणाची, हे विचारायची पद्धत नसते.

मग गावात ऊस तोडणारे मशीन आले. मालक आमच्याच गावचे बागायतदार. पूजेच्या फोटोसाठी यांना बोलावले होते. मशीनला हार घातला, नारळ फुटला. टोळीही पाहायला आली होती. मालक परस्पर खुर्चीत बसले.

"आबासाहेब, उठा. ती आक्काची जागा हाय."

"मशीन माझं, ऊस माझा. आणि खुर्ची?"

"माझी."

मालक उठले. आक्का संकोचाने बसली. "कशाला रं भांडलास? मला उभं ऱ्हाता येतंय की." मग मालकांकडे वळून म्हणाली, "आवं, ह्यात वाढं कुठं पडत्यात?" उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, तोडणाऱ्याने घरी न्यायचे ही जुनी रीत. मशीन त्यांचा चुरा करून रानात फेकते, असे तिला सांगण्यात आले.

"मग माजी म्हस काय मशीन खाईल?"

सगळे हसले. तेवढ्यात यांनी फोटो काढला. मालकांच्या घरची लग्ने त्या दिवसापासून दुसऱ्या स्टुडिओकडे गेली.

हंगाम संपेपर्यंत आक्काची म्हैस विकली गेली. टोळीतले कुणी बांधकामावर गेले, कुणी पेट्रोल पंपावर. प्रगतीने सगळ्यांना रस्ता दाखवला, गावाबाहेरचा. त्यांच्या मागोमाग खुर्चीही गेली. विटांच्या ढिगाशेजारी, पंपाच्या मागे. "आदी बसा."

त्यांचा स्टुडिओ आमच्या वाचनालयाच्या खालीच होता. वर वाचत बसलो की हे दोन शब्द जिन्यातून ऐकू येत. आता फक्त पान उलटल्याचा आवाज येतो.

त्यांच्या शोकसभेचे अध्यक्ष अर्थातच मशीनचे मालक. 'कष्टकऱ्यांचा कलावंत' असा फलक लावला होता. कष्टकरी दाराशी उभे होते. फोटोग्राफरांचा हार घातलेला फोटो जमिनीवर, भिंतीला टेकवलेला. आणि अध्यक्षांना शोभेल म्हणून कुणीतरी स्टुडिओतून ती खुर्ची आणली होती.

अध्यक्ष बसायला वाकले, तेवढ्यात आक्का गर्दीतून पुढे आली. तिने फोटो उचलला, पदराने पुसला आणि खुर्चीवर ठेवला.

"समद्यास्नी बसवत फिरलास. आदी तू बस रं लेकरा. मग हूं दे त्येंचं भाषण."

दुसरी खुर्ची आणायला कुणी उठले नाही. अध्यक्षीय भाषण उभ्यानेच झाले. त्यामुळे लवकर संपले.