विटेवरून उडी

समोरच्या मैदानात शेजारची मुलगी एकचाकी सायकलवरून विटेपलीकडे उडी मारायला शिकतेय. एका हातानं सीट घट्ट धरते, जागच्या जागी उसळते आणि विटेला अडखळून आपटते. आज तिचे बाबा धावले, तेव्हा मला वाटलं, झालं, संपली हौस. पण त्यांनी तिच्या गुडघ्यावर फुंकर घातली आणि कलंडलेली वीट पुन्हा नीट मांडली. "हं, मार परत!"

अडथळ्यांनी माणूस घडतो म्हणे. खोटं! आधी पुन्हा पडायची मुभा मिळावी लागते.

मी सायकलवरून पडले, तेव्हा माझ्या वडिलांनी आधी सायकल उचलली. "मुलीच्या जातीला नकोत ही थेरं," म्हणत ती धाकट्या भावाला देऊन टाकली. तोही रोज पडायचा. वडील कौतुकानं म्हणायचे, "पडल्याशिवाय का सायकल येते?"