माशांच्या बसचं तेल

इंजिन ऑइलबद्दल मला कुणी शिकवायला आलं की मी आधी त्याला मनसोक्त बोलू देते. त्याचं झालं की विचारते, "तुमच्या गाडीचं इंजिन दिवसातून किती तास चालतं?" लोकांना किलोमीटर तोंडपाठ असतात, तास ठाऊक नसतात. तिथं मी जिंकते. माझ्या माहेरी पिठाची गिरणी होती, डिझेलवर चालणारी. गिरणी कुठं गावोगाव फिरते, तिला किलोमीटर कुठले? बाबा तासांवर तेल बदलायचे आणि मी सासरी आले तरी त्यांचं इंजिन ठणठणीत होतं.

आमची बस अर्धी गिरणीच आहे. एका शाळेची जुनी मिनीबस, भंगारात जायच्या बेतात होती तेव्हा आम्ही घेतली. मागचा अर्धा भाग वरून आणि बाजूनं उघडा करून तिथं लोखंडी मांडण्या ठोकल्या. त्यांत मधमाशांच्या पेट्या. पुढच्या अर्ध्यात आम्ही नवराबायको, आमचा पलंग, गॅस, पाण्याची टाकी, भांडी आणि देव. दसऱ्यापासून ऊन तापेपर्यंत आम्ही हे घर घेऊन फिरत असतो. जिथं फूल, तिथल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बस लावायची. आमच्या वाशिम जिल्ह्यात कांद्याचं बी घेणारे पुष्कळ शेतकरी आहेत. कांद्याच्या फुलांच्या गोंड्यांवर माशी फिरली तर बी चांगलं भरतं, म्हणून ते आम्हाला बोलावून नेतात. कुणी विचारतं, "काकू, बसमंदीच राह्यता? मंग घर कुठी हाय?" मी म्हणते, "हे काय, तुमी घराले टेकूनच तं उभे हा."

बस उभी असली तरी तिचं इंजिन विसावत नाही. मध काढायचं यंत्र, दिवे, पंखा सगळं बॅटरीवर, आणि बॅटरी भरायची तर इंजिन चालू ठेवावं लागतं. मागच्या साली असं झालं की आम्ही फार फिरलोच नाही, पण इंजिन रोज धडधडत होतं. मी नवऱ्याला दोनदा सांगितलं की तेल बदला. त्याचं अर्धं आयुष्य ट्रक चालवण्यात गेलेलं. तो मीटरकडे बोट दाखवून म्हणाला, "गाडी चालली किती अन् तेल कायले बदलू? गिरनी अन् गाडी एक हाय का?" पुढच्याच फेरीत, कारंज्याच्या अलीकडे, तेलाचा लाल दिवा लागला आणि बघता बघता इंजिन जाम झालं.

इंजिन पुन्हा बांधता येतं. माशांचं तसं नसतं. पेट्या हलवायच्या तर सांजेला सगळ्या माशा आत आल्या की दारं बंद करायची आणि पहाटे निघायचं. बस चालत असते तोवर जाळीतून वारा लागतो. बस थांबली आणि ऊन वर आलं की आतल्या माशा घाबऱ्या होतात, पेटी तापते, मेण ढिलं पडतं. भर रस्त्यावर दारं उघडावीत तर येणाराजाणारा सोलून निघेल. आम्ही पेट्या उचलून रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली नेल्या, पाणी मारलं, तरी निम्म्याहून जास्त गेल्या. नवऱ्यानं एका पेटीचं झाकण काढून पाहिलं आणि तिथंच खाली बसला. लग्न झाल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ट्रकवाले बघत असताना तो रडला. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य मी तेव्हा गिळलं आणि आजवर बाहेर काढलेलं नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे मला किती जड गेलं असेल.

आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात चाचांचं गॅरेज आहे, त्यांनी इंजिन नव्यानं बांधून दिलं. उरलेल्या माशांतून आम्ही हळूहळू पेट्या पुन्हा वाढवल्या. पण नवरा पहिल्यासारखा झाला नाही. यंदा मालेगावकडचा फुलोरा उतरला, कामरगावच्या एका शेतकऱ्याचं बोलावणं आलं, तेव्हा तो भाकरी खाता खाता म्हणाला, "हा फेरा करू. माशा नीट पोचल्या तं ठीक, नाई तं पेट्या कोनाले तरी देऊन टाकू अन् गावात घर धरू." बोलताना तो ताटाकडे पाहत होता. मला गावात घर धरायचं नव्हतं. भिंतीच्या घरात मी पोरं मोठी होईस्तोवर राहिले, तक्रार नाही. पण बसमध्ये आल्यावर सकाळी दार उघडलं की कधी करडई, कधी तूर, कधी पांढराशुभ्र कांदा दिसायला लागला, आणि या वयात मला हे सोडायचं नव्हतं.

म्हणून यंदा तेल मी निवडणार, हे मी जाहीर करून टाकलं.

दुकानात गेल्यागेल्या नवऱ्यानं दुकानदाराला सांगितलं, "वीस-पन्नासचं तेल द्या. घरच घेऊन फिरून राह्यलो आमी. वजन जास्त तं तेल जाड पाह्यजे." दुकानदारानं मान डोलावली. डबा घ्यायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानंही डोलावली. आमच्याकडे तेल बोटांत चोळून पाहायची रीत आहे. चिकट लागलं की माणूस खूश. मी म्हटलं, "पंधरा-चाळीस द्या, डिझेलचं, जड गाड्यांसाठी असते थे." मग तिघांनाही समजावून सांगितलं, कारण मला कुणाच्या तोंडावर शंका राहिलेली आवडत नाही. पहिला आकडा गारठ्याचा, दुसरा तापलेल्या इंजिनाचा. आम्ही पहाटे निघणार. मागच्या सालीच नव्यानं बांधलेलं इंजिन, आतले भाग अजून घट्ट, त्यात जाड तेल वरपर्यंत चढायलाच वेळ लावणार आणि तेवढा वेळ इंजिन कोरडं घासणार. गाडीच्या कंपनीनं जे तेल सांगितलं तेच घालायचं, वजन जास्त असेल तर ते लवकर बदलायचं, आणि बदलायचं तासांवर. दुकानदारानं तेलात मिसळायची एक बाटलीही पुढं केली, इंजिनाला ताकद देणारी. मी ती परत सरकवली.

गॅरेजात चाचा डबा पाहून म्हणाले, "वैनी, एकदम बराबर आनलं." नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र गॅरेजभर मिरवून घेतलं.

जुनं तेल खाली घमेल्यात निथळत होतं तेव्हा मी बसच्या मागे गेले आणि माझं मिरवणं थांबलं. पेट्या शेतावरच होत्या, मागच्या मांडण्या रिकाम्या होत्या, तरी चाकांवरच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, दबून सपाट झाल्या होत्या. भरल्या बसच्या कमानी दबतात हे मला समजतं. रिकाम्या बसच्या कशा दबतील? मी म्हटलं, "चाचा, आदी वजनकाट्यावर नेऊ. तेल काई हमाल नाई वजन उचलाले." चाचांनी नवं तेल भरलं आणि सोयाबीनच्या गाड्या तोलतात त्या काट्यावर आम्ही बस चढवली. एकही पेटी न चढवता ती तिच्या कागदावर लिहिलेल्या कमाल वजनाच्या जवळ जाऊन टेकली होती. पेट्यांचं वजन अजून बाकीच होतं.

गॅरेजात परत आलो आणि मी पलंगाखालचा पडदा ओढला. एरवी तिथं नवऱ्याचं सामान म्हणून मी हात घालत नसे. जादा बॅटरी, जॅक, टायर, साखळदंड, जुना स्टार्टर, पाण्याच्या भरलेल्या कॅन. आणि तेलाचे डबे. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक शहाण्यानं जे तेल सांगितलं ते त्यानं घेऊन ठेवलं होतं, जाड, अती जाड, ट्रॅक्टरचं, गिअरचंसुद्धा. टपावरच्या ताडपत्रीखालीही तेच. मागच्या साली त्या रस्त्यावर जे जे हाताशी नव्हतं, ते सगळं त्यानं वर्षभर गोळा केलं होतं. मला आधी राग आला. मग मी त्याच पलंगावर बसले. एवढी भीती पोटाशी, पलंगाशी घेऊन हा माणूस झोपत होता आणि मी वर पडून घोरत होते. मला त्याची फार दया आली आणि दया आली की मी जास्तच कडक होते.

"हे सारं उतरवा."

"अन् रस्त्यात काई झालं तं?"

"हे घेऊन गेलो तं होईनच. ह्या सामानाच्या वजनानंच होईन."

तो एक डबा छातीशी धरून उभा राहिला. चाचा मध्ये पडले नाहीत, बिडी पेटवून बाहेर गेले. शेवटी मी माझं लोखंडी कपाट आधी उतरवायला लावलं, साड्यांसकट. माझ्या माहेरचं ते, मी त्याला कुणाला टेकूसुद्धा देत नाही. ते गॅरेजच्या कोपऱ्यात उभं राहिलं तेव्हा नवऱ्यानं एकेक करून त्याचं सामान खाली दिलं. एक जॅक आणि एक टायर ठेवला. कमानी वर आल्या, डोळ्यांनी दिसतील एवढ्या.

सांजेला पेट्या चढवल्या आणि पहाटे निघालो. नवरा चालवायला, मी शेजारी, मागे माशांचा दबका घुंईं आवाज. शेलूबाजार मागे पडलं आणि त्यानं पाय सैल केला.

"एक डाव थांबून तेल पाह्यतो."

"नोको. तुमी थांबले की माशायचा वारा थांबते. दिव्याकडे मी पाह्यते, तुमी रस्त्याकडे पाहा."

तो थांबला नाही. पण कारंजा जवळ यायला लागलं तशी त्याची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली. तो लिंब लांबून दिसला. ऊन आता काचेवर आलं होतं. खोटं कशाला बोलू, मीही घाबरले होते. पंधरा-चाळीसवर माझा पूर्ण भरवसा होता, नशिबावर तेवढा नव्हता. मी त्या तेलाच्या दिव्यावर नजर रोखून बसले आणि तोंडानं मात्र कामरगावला उतरल्यावर पिठलं करू की वांगं भाजू, असलं काहीबाही बोलत राहिले. लिंब मागे गेला. नवऱ्यानं एक लांब श्वास सोडला आणि म्हणाला, "वांगं कर."

कामरगावच्या शेतावर शेतकरी धुऱ्यावर उभाच होता. समोर कांद्याचे गोंडे पांढरे झाले होते. पेट्या उतरवल्या, सावलीत मांडल्या. नवऱ्यानं प्रत्येक पेटीला कान लावला. मी मागोमाग जात त्याचा चेहरा वाचत होते. मग त्यानं पहिल्या पेटीचं दार उघडलं. दोन-चार माशा दारात आल्या, घुटमळल्या, उडाल्या. मग एकदम लोंढा सुटला. दुसरी पेटी, तिसरी, सगळ्या. एकही पेटी मुकी निघाली नाही. नवरा उन्हात उभा राहिला, अंगावर माशा बसत होत्या आणि तो त्यांना झटकत नव्हता.

शेतकरी लांबूनच म्हणाला, "भाऊ, बेस झालं बाप्पा, वक्तावर आले. पुढच्या साली दुप्पट कांदा लावाचा इचार हाय. तुमी येसान ना?"

माझा जीव टांगणीला लागला. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं, पण नवरा आधी बोलला.

"येतो ना. तुमी लावा बिनधास्त. आमी दोघंबी येतो."

शेतकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "वैनी, पक्कं समजू ना?"

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण मी नुसती मान हलवली आणि वांगं भाजायला बसकडे वळले.