ओवाळणीतली चिठ्ठी

मी पहिल्यापासून फाटक्या तोंडाची. आई म्हणायची, हिला पानांच्या लिलावाला उभी करा, दलाल पळून जातील. सासरी आल्यावर जरा धार कमी झाली, पण गेली नाही. दूधवाला, भांडीवाली, शेजारीण, कुणाला म्हणून सोडलं नाही मी. त्यामुळे आज ऐंशीच्या घरात आल्यावर घरातली पोरंसोरं म्हणतात, आजी कुणाला घाबरली नाही कधी. मी हसते आणि विषय बदलते. घाबरले होते, आणि तेही कुणा परक्यापुढं नाही.

माझं सासर वसईच्या बाजारातलं, केळी आणि विड्याच्या पानांची पेढी असलेलं. वाड्यांमधून माल पेढीवर यायचा, करंड्या भरून बाहेरगावी जायचा, आणि तिकडून पैसा यायला महिना-दीड महिना लागायचा. तोवर वाडीवाल्यांनी खायचं काय? म्हणून मामंजींनी चिठ्ठ्या काढल्या होत्या. पातळ गुलाबी कागद, वर पेढीचा शिक्का, खाली मामंजींची मोडीतली सही. पाचाची, दहाची. वाडीवाला ती घेऊन बाजारात जायचा, किराणा म्हणा, कापड म्हणा, हवं ते घ्यायचा, आणि मग दुकानदार ती चिठ्ठी पेढीच्या खिडकीत आणून रोख घेऊन जायचा. फक्त पेढी त्यातून वटाव कापायची. आमच्या चिठ्ठीमुळे तुम्हाला गिऱ्हाईक मिळतं, तर त्याचं काहीतरी द्या, असा मामंजींचा हिशेब. सुरुवातीला रुपयामागे अर्धा आणा होता. मग बाजारातली दुसरी पेढी बुडाली, वाडीवाल्यांना आमच्याशिवाय दार उरलं नाही, आणि अर्ध्या आण्याचे दोन आणे झाले.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं हं. आम्हा बायकांना पेढीतलं एवढंच कळायचं की यंदा पाटल्या होणार की नाही. मला त्या वर्षी झाल्या होत्या.

माझं माहेर समुद्राकडच्या वाड्यांमधलं. लग्न होऊन मला पाच वर्षं झाली तेव्हा वडील गेले आणि वाडी धाकट्या भावाच्या अंगावर पडली. वय बावीस. स्वभावानं इतका गरीब की रहाटाच्या बैलालासुद्धा दोनदा विचारून हाकायचा. माल अर्थातच आमच्या पेढीवर घालायचा. सोयरीक झाल्यावर दुसरीकडे घालणार कसा? आणि सोयरा म्हणून त्याला काही वेगळं नव्हतं, त्यालाही चिठ्ठ्याच मिळायच्या.

वडिलांच्या मागची ती पहिली भाऊबीज. आजवर वडील लुगडं आणून द्यायचे आणि हा नुसता पाटावर बसायचा. यंदा घरचा कर्ता म्हणून तो पहिल्यांदा बहिणीच्या सासरी येणार होता. त्यानं आईला सांगून ठेवलं होतं म्हणे, ताईला आबांच्या वेळेपेक्षा कमी वाटता कामा नये. हे आईनं मला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी निराळी वागले असते का? वागले असते असं म्हणायची माझी छाती होत नाही.

त्या दिवशी वन्संही आल्या होत्या, ह्यांना ओवाळायला. त्यांच्या ताटात ह्यांनी जरीकाठी लुगडं आणि वर रोख अकरा रुपये घातले. मामंजी झोपाळ्यावर बसून बघत होते. भाऊ मात्र आला तो दुपार टळल्यावर. धुतलेला सदरा घामानं पाठीला चिकटलेला, सायकलीला घरची, उन्हात वाळवलेली सुकेळी केळीच्या सोपटात बांधलेली. हात रिकामे. माझं डोकं तिथंच तापलं. सकाळी निघालेला पोरगा दुपारपर्यंत कुठं उंडारत होता, असं मनात आलं.

पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं खिशातून चार घड्या केलेला एक कागद काढला आणि ताटात सुपारीखाली सरकवला. वन्संची नजर घारीची. त्यांनी तो उचलून उलगडला आणि हसायलाच लागल्या, अगबाई, ही तर आपलीच चिठ्ठी, दहाची! माजघरातल्या बायका हसल्या. मामंजींनी झोपाळा थांबवला आणि परत सुरू केला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या माहेरची अब्रू त्या गुलाबी कागदात, आणि सगळं घर त्याला हसतंय. आणि मी काय करावं? भावाच्या बाजूनं बोलायचं सोडून मी त्याच्यावरच घसरले.

"ओवाळणीत कागद घालतोस? एक लुगडं आणायला होत नव्हतं? आबा गेले म्हणून आता मी भिकाऱ्याची बहीण का?"

तो वर बघून काहीतरी बोलणार होता. मग त्याची नजर झोपाळ्याकडे गेली आणि तो नुसता म्हणाला, "वेळ नाही मिळाला, ताई." जेवणाचं ताट वाढलं होतं, त्यातला भात त्यानं चिवडला, आणि दिवेलागणीच्या आत सायकल काढून निघून गेला. मी त्याला दारापर्यंत पोचवायलाही गेले नाही.

दोन दिवस माझी धुसफूस चालू होती. तिसऱ्या दिवशी ठरवलं, दाखवतेच याला. दहा पावलांवर बाजार, हातात दहाची चिठ्ठी, लुगडं घ्यायला कितीसा वेळ लागतो! डोक्यावरून पदर घेतला आणि देवळासमोरच्या कापडाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारा होता, डोळ्यांनी अधू, मी कुणाच्या घरची हे त्याला कळलं नाही. त्यानं चार लुगडी उलगडली. एक हिरवं, बारीक लाल काठाचं, मला पसंत पडलं. बरोबर दहा रुपये. मी चिठ्ठी पुढं केली.

त्यानं ती बोटांनी चाचपली आणि हळूच माझ्याकडे परत सरकवली. म्हणाला, "बाई, रोख असेल तर द्या. ही नको. ते रुपयामागे दोन आणे कापतात आणि मला लुगड्यात सुटतो एक. वरचा आणा मी घरून घालू?"

मी आवाज चढवला. पेढी एवढी मोठी, सही खरी, मग घेत कशी नाहीस, असं बरंच बोलले. म्हाताऱ्याला राग आला नाही. उलट तो लुगड्याची घडी घालता घालता सांगत बसला. भाऊबीजेच्या दिवशी एक पोरगा असाच आला होता, हीच चिठ्ठी घेऊन, हेच हिरवं लुगडं काढून ठेवायला सांगितलं. दुसरीकडे चिठ्ठी मोडून येतो म्हणाला. सगळा बाजार पालथा घालून तीनदा परत आला. शेवटी म्हणाला सायकल ठेवून घ्या, पेढीवर हिशेब होऊन रोख मिळाली की देऊन सोडवतो. "मी म्हटलं, बाबा रे, मी सायकल घेऊन काय करू? बहिणीसाठी हवं होतं त्याला. वाईट वाटलं हो, पण सणाचा दिवस, एकाची घेतली की दहा जण येऊन उभे."

तरी मी तिथून उठून आणखी दोन दुकानं केली. माझी खोड, दुसऱ्याचं खरं असलं तरी स्वतः हात पोळल्याशिवाय मानायचं नाही. एकानं मान हलवली. दुसऱ्यानं तर भिंतीवर पाटीच लावली होती, आमच्या पेढीची चिठ्ठी चालणार नाही म्हणून. त्या पाटीखाली माझा भाऊ उभा राहून आला होता, आणि पेढीच्या खिडकीत जाऊन रोख मागायची तर ते बहिणीचं सासर. सणाच्या दिवशी सोयऱ्यापुढं हात पसरणार कसा तो? आणि हे सगळं तो मामंजींच्या देखत मला सांगणार तरी कसा होता? तुमचा कागद बाजारात कुणी हातात धरत नाही, असं?

घरी आले. ह्यांना जेवायला वाढलं आणि चिठ्ठी पुढं ठेवली. म्हटलं, मला रोख हवेत. मनात होतं, आज बोलायचंच. दोन आणे कशाचे, विचारायचं. माझ्या भावाच्या घामाची केळी घेता आणि त्याच्या हातात असला कागद देता, हे तोंडावर म्हणायचं. ह्यांनी हात धुतले, पेढीत जाऊन आले, आणि माझ्या हातावर मोजून आठ रुपये बारा आणे ठेवले. मी बघत राहिले तसे म्हणाले, घरच्यांना सोडलं तर बाजार काय म्हणेल? दाराबाहेर मामंजी खाकरले. भांडीवालीशी एका वाटीवरून तासभर भांडणारी मी, मूग गिळून पैसे पदराला बांधून गप्प आत गेले.

सव्वा रुपया माझ्या डब्यातला घातला आणि हिरवं लुगडं आणलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर चार दिवस माहेरी गेले, तेच लुगडं नेसून. वाटेत मनाशी घोकत होते की भावाला सगळं सांगायचं. तुझी काही चूक नव्हती, चूक आमच्या घराची, आणि मी तुला नको ते बोलले. साधं वाक्य होतं. पण सांगितलं तर तो माल दुसरीकडे नेईल, पलीकडच्या गावात वाडीवाल्यांनी मिळून सोसायटी काढायचं चाललं होतं, तिकडे जाईल. मग मामंजी विचारतील, हे त्याच्या कानात कुणी भरवलं? हा विचारही वाटेतच आला, आणि वाडीच्या कुंपणापर्यंत तो पहिल्या विचारापेक्षा मोठा झाला.

भाऊ ओट्यावर पानं लावत बसला होता. मला बघून उठला, हात पुसले. माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी त्यानं लुगड्याकडे बघितलं. ओळखलं त्यानं. काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, देवळासमोरून घेतलंस का? मी हो म्हटलं.

"चिठ्ठी घेतली त्यांनी?"

आई आत चुलीपाशी होती. ओट्यावर आम्ही दोघंच. कुणी ऐकणारं नव्हतं, मामंजी तीन मैलांवर होते.

"घेतली की," मी म्हटलं. "न घ्यायला काय झालं?"

तो परत खाली बसला. दोनचार पानं उचलून एकावर एक ठेवली, परत काढली. मला वाटलं रागावेल, पेढीला चार शिव्या घालेल, निदान खोटं बोलतेस म्हणेल. त्यानं तसं काही केलं नाही. मान वर न करता, अगदी हळू म्हणाला, "मग माझ्याच तोंडाकडे बघून नाही म्हणाले असतील."

मी म्हटलं, "असेल."