ठरलेली उत्तरं

प्रमिलाबाईंना गळा आहे हे सासरी पहिली काही वर्षं कुणाला कळलंच नाही. कळून तरी काय होणार होतं? तापीकाठच्या त्या गावात सुनेनं भाकरी चांगली थापावी, कापूस झटपट वेचावा आणि हळू बोलावं, एवढीच माफक अपेक्षा. प्रमिलाबाई हे तिन्ही करत होत्या. मग एका श्रावणात गल्लीत कानबाई देवी बसली, बायका गाणी म्हणायला जमल्या आणि शेजारच्या फुलवंताबाईनं भर बायकांत त्यांना कोपरानं ढोसलं, "ए, तोंडमा गूळ धरी बठनी का? म्हन ना वं!"

प्रमिलाबाईंनी म्हटलं आणि गल्ली गप्प झाली. त्यांचे यजमान भिलाभाऊ ओट्यावर बसले होते. ते उठून दारापर्यंत आले आणि ही आपलीच बायको ना, याची खात्री करून परत गेले.

तिथून ह्या दोघी निघाल्या त्या निघाल्याच. पुढं आणखी तिघी येऊन मिळाल्या आणि पाच जणींचा गट झाला. वाजवायला एक डफ आणि पाच जणींच्या टाळ्या, बाकी सगळा गळ्याचा कारभार. हळदीच्या, लग्नाच्या, विहिणींच्या रुसव्याफुगव्यांच्या अहिराणी गाण्यांसाठी लोक त्यांना नंदुरबारपासून नवापूरपर्यंत बोलवायला लागले. पण खरं सांगायचं तर लोक गाण्यांसाठी बोलवत नव्हते. गाणी काय, कुणीही म्हणतं. लोक बोलवत होते ते मधल्या भांडणासाठी.

एक गाणं संपून दुसरं उचलेपर्यंत गळ्याला विसावा लागतो. तेवढ्यात माणसं उठून पानटपरीकडं जाऊ नयेत म्हणून या दोघी भांडत. प्रमिलाबाई नवरदेवाची आई, फुलवंताबाई नवरीची आई; म्हणजे दोघी एकमेकींच्या याहिणी, विहिणी. प्रश्न प्रमिलाबाईंचा, उत्तर फुलवंताबाईचं.

"काय वं याहीन, आमना दारमा येवाले इतला उशीर?"

"उशीर कसाना? नवरदेवना मामा सकायपासून बुंदी चाखी ऱ्हायना म्हने. मी म्हनं, त्यानं पोट भरू दे, मंग आपन जाऊत!"

मांडव हसून लोळायचा आणि कुठं तरी एक मामा तोंड लपवायचा. कारण बुंदी त्यानं खरंच खाल्लेली असे. फुलवंताबाईची रीतच तशी होती. कार्यक्रमाच्या आधी ती सरळ लग्नघराच्या चुलीपाशी जाऊन बसे. स्वयंपाकाच्या बायकांना दोन कांदे चिरून देई आणि त्या बदल्यात घरातली सगळी भानगड काढून आणी. कुणाला चिडवायचं, कुणाचं नावही काढायचं नाही, हे तिला मांडवात येण्याआधी पक्कं ठाऊक असे. पण काय बोलणार हे तिलाही ठाऊक नसे. लोक विचारत, हे पाठ केलेलं असतं का? ती म्हणे, "पाठ कराले मी काय शाळामा शे?" प्रमिलाबाई प्रश्न टाकत तेव्हा त्यांच्या पोटात दर वेळी खड्डा पडे, की ही बया आता काय बोलते! त्या खड्ड्यासाठीच तर त्या जात. घरी त्यांना पोटात खड्डा पडेल असं कुणी बोलतच नव्हतं.

गेल्या थंडीत फुलवंताबाईला खोकला लागला. धुळीचा असेल म्हणून अंगावर काढला. मग नंदुरबारला दवाखान्यात नेलं आणि तिथून ती बोलत परत आली नाही.

तिचा मुलगा नवनीत गटाचं साउंड सांभाळायचा. पोरगा गुणी. दिवसकार्य झाल्यावर तो मोबाइलमधले आईचे सगळे व्हिडिओ कानात वायर घालून पुन्हा पुन्हा ऐकत बसे. लग्नसराई जवळ आली, लोकांचे फोन यायला लागले. तेव्हा त्यानं सगळ्यांत जास्त हशा पिकलेल्या एका कार्यक्रमातलं आईचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून काढलं आणि बायकोच्या, रुपाच्या, हातात दिलं. "आईनं काम शे, बंद पडाले नको," एवढंच म्हणाला. त्याला कोण नाही म्हणणार? प्रमिलाबाईही म्हणाल्या नाहीत.

रुपाचा आवाज गावात कुणी धड ऐकलेला नव्हता. फुलवंताबाई मांडवात होती तशीच घरात होती. प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर तिचंच. दुकानदार रुपाला विचारे, वहिनी, साडी कोणत्या रंगाची दाखवू, आणि फुलवंताबाई सांगे, हिरवी. प्रमिलाबाई तेव्हा सोबत असत आणि पोट धरून हसत. अशा सुनेनं सासूचं सगळं बोलणं आठवडाभरात तोंडपाठ केलं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

पहिल्या कार्यक्रमात प्रमिलाबाईंनी प्रश्न टाकला. उत्तर देण्याआधी रुपा खोकली. कोरडा, दोन ठोक्यांचा खोकला, आणि मग तोच ठसका आवरत म्हटलेलं वाक्य. त्या व्हिडिओत फुलवंताबाई तशी खोकली होती आणि लोक हसले होते. म्हणून नवनीतनं तो खोकलाही उतरवून घेतला होता. प्रमिलाबाई हातातला डफ आधारासारखा धरून उभ्या राहिल्या. लोक तिथं पुन्हा हसले.

त्या दिवसापासून फुलवंता त्यांच्या उजव्या कानाशी यायला लागली. ती नेहमी उभी राहायची त्याच बाजूला. रुपा समोरून जुनं उत्तर म्हणत असे आणि त्याच वेळी कानात नवं उत्तर येई. ताजं, त्या मांडवातल्या माणसांवरचं, जिवंत असती तर दिलं असतं तसं. एकदा प्रमिलाबाई भलत्याच जागी फस्सकन हसल्या. बाकीच्या तिघी बघत राहिल्या. पुढं ती घरीही यायला लागली. प्रमिलाबाई चुलीपाशी बसून विचारत आणि थांबत. भिलाभाऊ बाहेरून ओरडत, "कोनासंगे बोली ऱ्हायनी वं?" त्या म्हणत, "कोनासंगेच नही." खोटं बोलणं त्यांना जड जात होतं, पण मैत्रीण वाटून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

भीती वाटत नव्हती असं मात्र नाही. कार्यक्रम वाढले तशी कानातली फुलवंता चिडचिडी व्हायला लागली. रुपा खोकली की ती कुजबुजे, "हाई मी नही वं. हाई मी नही." त्याच खोकल्यानं मेलेल्या बाईला दर हळदीला पुन्हा खोकायला लावायचं, हे आपण काय चालवलंय? प्रमिलाबाईंना रात्री झोप येईना. पण हे बंद केलं तर कानातलं येणंही बंद होईल, ही धास्ती त्याहून मोठी होती. म्हणून त्या ठरलेले प्रश्न ठरल्या जागी विचारत राहिल्या.

वैशाखात विसरवाडीची हळद आली. हायवेला लागून दुकान असलेलं घर होतं. मांडवाच्या पलीकडून ट्रकांचे हॉर्न येत होते आणि ऊन अजून पुरतं कललंही नव्हतं. फुलवंता गेल्यापासून चुलीपाशी कुणी जात नव्हतं. ठरलेल्या बोलण्याला घरची माहिती लागतेच कशाला? पण त्या दिवशी प्रमिलाबाई पाणी प्यायला म्हणून मागच्या अंगाला गेल्या. तिथं एक बाई एकटीच लसूण सोलत बसलेली दिसली. बाहेर सगळ्या बायका हळदीनं पिवळ्या झालेल्या आणि हिच्या अंगाला हळदीचं बोटही नव्हतं. कपाळ मोकळं होतं. ती नवरदेवाची आई तापीबाई. नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं, असं भाकरी भाजणारीनं हळूच सांगितलं.

प्रमिलाबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. रुपाच्या बोलण्यात एक वाक्य होतं, "नवरदेवना बाप कोठे दपना वं? आहेर देवाना टाइमले बरा गायब व्हस!" बाप कुठं लपून बसलाय, द्यायच्या वेळी बरा नाहीसा होतो. त्या व्हिडिओतला बाप पहिल्या रांगेत बसून स्वतःच हसला होता. इथं ते वाक्य पडलं तर त्या माउलीनं तोंड कुठं लपवायचं?

त्यांनी धावत जाऊन नवनीतला सांगितलं. तो हादरला. "रुपा, ते वाक्य सोडी दे." रुपा मांडवामागं उभी राहून म्हणून बघायला लागली. तिनं मान हलवली, सुरुवात केली आणि ते वाक्य तोंडातून निघून गेलंच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माळ ओवल्यासारखं पाठ केलेलं. एक मणी काढायला गेलं की पुढचे सगळे घरंगळत होते. आणि नेमक्या त्याच वाक्यावर बाकीच्या तिघी पुढचं गाणं उचलत. रुपाचे डोळे भरून आले. "सोडसू," ती म्हणाली, पण तिचा स्वतःवरच भरवसा नव्हता.

कार्यक्रम सुरू झाला. पहिलं गाणं झालं तोवर लेकीनं तापीबाईला हाताला धरून आणलं आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं.

प्रमिलाबाई प्रश्न टाकत गेल्या, रुपा उत्तरं देत गेली. खोकली. लोक हसले. तापीबाईही पदर तोंडाला लावून हसली. वाक्य जवळ येत होतं. रुपाच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की ती ते अडवू शकत नाही. प्रमिलाबाईंनी मनात हाक मारली, फुलवंता, काय करू? कानात लगेच आलं, "इचार ना वं. तिले इचार."

रुपानं "नवरदेवना" म्हटलं आणि प्रमिलाबाईंनी तिचं बोलणं मध्येच तोडलं.

"याहीन, ते ऱ्हाऊ दे! आज घरतीन काय खाईसन निंघनी, ते सांग."

रुपा थांबली. हा प्रश्न कागदात नव्हता. मागं साउंडपाशी नवनीत उठून उभा राहिला. रुपा पुन्हा "नवरदेवना" म्हणाली आणि अडकली. सकाळी काय खाल्लं एवढंच तर सांगायचं होतं. पण त्या माइकवर तिचं स्वतःचं असं एकही वाक्य आजवर नव्हतं. मांडवात चुळबुळ सुरू झाली.

"सांग ना," प्रमिलाबाई पुन्हा म्हणाल्या. या वेळी आवाज विहिणीचा नव्हता. "मी तुलेच इचारी ऱ्हायनी. रुपाले."

रुपानं माइक दोन्ही हातांनी धरला.

"काही नही खायं, मावशी," ती म्हणाली. "पाठ करी ऱ्हायंतू. जित्ती व्हती तवय घरमा तीच बोले. मरी गई, ते मन्हा तोंडतीन बी तीच बोली ऱ्हायनी. माले खोकला नही, तरी रोज खोकनं पडस. मी कव्हय बोलू, मावशी?"

मांडव हास्यानं फुटला. शिट्ट्या पडल्या. सासू मेली तरी सुनेची सुटका नाही, असा फक्कड विनोद लोकांनी वर्षभरात ऐकला नव्हता. तापीबाई तर डोळे पुसत हसत होती; आपण कशातून वाचलो हे तिला कधीच कळणार नव्हतं. हसत नव्हत्या त्या दोघीच.

साड्यांच्या दुकानात पोट धरून हसलेल्या प्रमिलाबाई आता तिथं उभ्या होत्या आणि त्यांना लाज वाटत होती. इतके महिने त्यांना वाटत होतं की फुलवंता आपल्यालाच झपाटून आहे. ह्या पोरीला तर ती लग्न होऊन आल्यापासून धरून होती, आणि आपण ते बघून हसलो होतो. त्या माइकजवळ गेल्या.

"आते बोल," त्या म्हणाल्या. "मी आयकस."

मग रुपा बोलली. अडखळत, खालच्या आवाजात, सकाळी न खाल्लेल्या भाकरीवरून. फार विनोदी नव्हतं. थोडे लोक हसले, थोडे पानटपरीकडं गेले. तिघींनी अंदाजानं कुठं तरी गाणं उचललं. ते चुकीच्या पट्टीत लागलं आणि तसंच निभलं. प्रमिलाबाई गात होत्या आणि उजवा कान टवकारून ऐकत होत्या. फुलवंता यावर काय म्हणते? चिडली का? हसली का? काहीच येत नव्हतं. डफ, टाळ्या आणि हायवेवरचे ट्रक, एवढंच ऐकू येत होतं. त्यांनी मनात पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. पोटात खड्डा पडला, पण तो नेहमीचा नव्हता.

परतीच्या टेम्पोत नवनीत पुढं बसला. रागावला होता की रडत होता, पाठीवरून कळत नव्हतं. मागं साउंडच्या पेट्यांना टेकून बसलेली रुपा बराच वेळ बोटं मोडत होती. शेवटी ती प्रमिलाबाईंकडं सरकली.

"मावशी, तुमी तिनासंगे बोलतस ना? माले माहीत शे. चूलपान्हे बोलतस, भिलाबाबांनी सांगं." ती घाबरून थांबली. "आज मी जे बोलनू, त्यावर ती काय म्हनी?"

प्रमिलाबाईंनी पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. खोटं सांगायची गरज पडली नाही.

"मी इचारं तिले," त्या म्हणाल्या. "काहीच नही म्हनी."

रुपानं सुटकेचा श्वास सोडला, पदरानं तोंड पुसलं आणि पेटीला डोकं टेकून बघता बघता झोपून गेली. प्रमिलाबाईंनी तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि तोंड फिरवून, पोरीची झोप मोडू नये म्हणून आवाज न करता, घर येईपर्यंत रडल्या.