उचललेला चेहरा

आमच्या फोटो स्टुडिओत ‘गोरं करा’ असं आजवर एकाही गिऱ्हाइकाने म्हटलेलं नाही. ‘जरा फ्रेश दिसू दे’ म्हणतात, नाहीतर ‘लाईट कमी पडला का हो?’ म्हणतात. ताईला बरोबर कळतं. कॉम्प्युटरवर फोटो उघडायचा, कॉलर सरळ करायची, कपाळावरची चमक घालवायची आणि चेहरा थोडा उचलायचा. ‘उचलणं’ हा आमच्या दुकानातला शब्द. ‘उजळ करणं’ म्हणायची लाज वाटते म्हणून काढलेला. वीस वर्षं हेच केल्यावर आता तिला कोणी सांगावंही लागत नाही. मी काउंटरवर बसून फोटो कापते, फ्रेम करते, तेव्हा या पापात माझाही वाटा आहेच.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. कोणाच्या बापाला न घाबरणारी. लग्न केलं तेही साता समुद्रापलीकडून आलेल्या लिफ्ट मेकॅनिकशी. भावोजी रंगाने चांगले काळे, दारातून वाकून येतील एवढे उंच, आणि इतके शांत की लिफ्टमध्ये अडकलेली माणसंसुद्धा त्यांचा आवाज ऐकून आरडाओरडा थांबवतात. मराठी ते आम्हा दोघी बहिणींचं ऐकून शिकले, त्यामुळे पहिली दोन वर्षं ‘मी येते’, ‘मी जाते’ असंच चालायचं. मला फार मजा वाटायची, म्हणून मी मुद्दामच चूक दाखवली नाही.

त्यांची मुलगी भिंगरी, वय वर्षं आठ. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. केस कुठल्याच कंगव्याला दाद देत नाहीत, आणि रंग आईबापांच्या मधला, पण बापाकडे झुकलेला. दुकानात नवीन माणूस आलं की एकदा तिच्याकडे, एकदा ताईकडे बघून विचारतं, “ही तुमचीच?” ताई म्हणते, “नऊ महिने तर माझ्याकडेच होती.” रंगाबद्दल आपल्या घरात झाकपाक नाही, याचा तिला कोण अभिमान! भिंगरी लहान होती तेव्हा आंघोळ घालताना तिच्या हाताला हात लावून सांगायची, “हा माझा रंग, तो बाबाचा, आणि हा खास तुझा.” मीच एकदा बोलून गेले, “उन्हात खेळू नकोस, काळी होशील.” भिंगरी म्हणाली, “झालेलीच आहे की, मावशी.” त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला.

गेल्या महिन्यात भिंगरीच्या वर्गाच्या ओळखपत्रांचं काम आमच्याकडे आलं. एकेचाळीस मुलं. ताईने दोन दिवसांत उरकलं. शनिवारी दुपारी भिंगरी माझ्याशेजारी बसून कार्डं हजेरीच्या क्रमाने लावत होती, ती स्वतःच्या कार्डापाशी थांबली. कार्डाशेजारी हात ठेवून बघितला. मग कार्ड खिडकीपाशी नेऊन पुन्हा बघितलं.

“आई, कॉलर वाकडी आली की तू सरळ करतेस ना?”

“हो.”

“आणि डोळे लाल आले की?”

“तेही करते. जे चुकलंय ते दुरुस्त करायचं,” ताई मान वर न करता म्हणाली.

“मग माझा रंग चुकला होता का?”

ताईने कार्ड हातात घेतलं आणि भिंगरीच्या चेहऱ्याशेजारी धरलं. सवयीच्या हाताने तिने पोटच्या पोरीचाही चेहरा उचलला होता, आणि तिचं तिलाच ते कळलं नव्हतं. अख्ख्या गल्लीला तोंडावर उत्तर देणारी माझी बहीण, ते कार्डच उलटंसुलटं करत बसली. मला तर भीतीच वाटली. एवढी वर्षं जे सांगत आलो ते या एका कार्डाने खोटं ठरलं, तर ही पोर यापुढे आमचं का म्हणून ऐकेल?

भिंगरी थांबते थोडीच! ती उठून भिंतीपाशी गेली. तिथे नमुन्याच्या फोटोंमध्ये ताई-भावोजींच्या लग्नाचाही मोठा फोटो लावलेला आहे.

“बाबालाही दुरुस्त केलंस?”

नेमके तेव्हाच भावोजी चहाला आले. भिंगरीने त्यांना हाताला धरून फोटोसमोर उभं केलं. “बाबा, हा तू नाहीस.”

“नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे तुला माहीत होतं?” ताईने विचारलं.

“दहा वर्षांपासून. माझ्या आईला एक प्रत पाठवली होती ना आपण? तिचा फोन आला होता. म्हणाली, सून छान आहे, पण माझा मुलगा लग्नाला का आला नाही?”

मला फिस्सकन हसू आलं आणि लगेच मी जीभ चावली.

“मग बोलला का नाहीस रे?”

“तू किती हौसेने लावला होतास. मला वाटलं, कधीतरी तुझं तुलाच दिसेल.”

ताई चांगली हुंदके देऊन रडली. मग भिंगरीला म्हणाली, “तुझा रंग चुकला नव्हता गं. बाबाचाही नाही. आई चुकली. हाताला वाईट सवय लागलीय आणि मी कधी तिच्याकडे बघितलंच नाही.”

“मग आता परत कर सगळं,” भिंगरी म्हणाली. राग होताच अजून. ताईने मांडी पुढे केली तरी ती बसली नाही, स्टूल ओढून शेजारी बसली.

ताईने मूळ फोटो उघडले. फक्त भिंगरीचा नाही, एकेचाळीसच्या एकेचाळीस. भिंगरी इन्स्पेक्टरसारखी एकेक चेहरा तपासत होती. “ही अजून सावळी आहे.” “याच्या नाकावर ठिपके असतात, ते कुठे गेले?” ताई निमूटपणे ऐकत होती, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटचं कार्ड छापून झालं तोवर भिंगरी स्टूल सोडून आईच्या मांडीवर कधी पोहोचली, ते कोणालाच कळलं नाही. लग्नाचा फोटोही नव्याने निघाला, आणि भावोजी एकदाचे स्वतःच्या लग्नाला हजर झाले.

सोमवारी वर्गात कार्डं वाटली गेली. मंगळवारी एक बाई लेकीला घेऊन दुकानात आल्या. जुनं गिऱ्हाईक. “बघा ना, किती काळी आलीये. जरा फ्रेश करून द्या की.” मुलगी आईच्या मागे मान खाली घालून उभी होती.

ताई तोंड उघडणार, तेवढ्यात काउंटरमागे गृहपाठ करणारी भिंगरी म्हणाली, “काकू, ती अशीच आहे. मी रोज तिच्या शेजारी बसते. तिच्याकडे बघायला मला खूप आवडतं.”

त्या मुलीने आईच्या हातातून कार्ड काढून घेतलं, बराच वेळ बघितलं आणि गळ्यात घातलं.

“मीच आहे ही,” ती आईला म्हणाली.