चारकोपहून पसंत केलेला स्नो-प्लाऊ

बर्फ मी आयुष्यात दोनच ठिकाणी पाहिला होता, उसाच्या रसात आणि मासळीवाल्या मावशींच्या टोपलीत. त्यामुळे कॅनडातल्या जावयाने सेकंडहँड स्नो-प्लाऊ निवडताना माझा सल्ला घ्यावा, यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

वापरलेल्या वस्तूंच्या बाबतीत आमच्या चारकोपात माझा शब्द अखेरचा. घरातला फ्रिज, कपाट, स्कूटर, सगळं माझ्या पारखी नजरेतून आलेलं. (स्कूटर उतारावर अजूनही उत्तम चालते.)

मामला नाजूक होता. लेक तेजूचे दिवस भरत आले होते, आणि दारापासून रस्त्यापर्यंतची वाट बर्फाने बुजली की गाडी निघणार नाही. प्लाऊ म्हणजे पिकअपच्या पुढे बसवायचं, बर्फ ढकलणारं रुंद पातं. यांची पिकअप लहान, म्हणून पातं हलकंच हवं होतं. आमच्या संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, अनिकेतरावांनी विकणाऱ्याच्या अंगणातून व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, हे बघा. अ‍ॅल्युमिनियमचं आहे. हलकं, आणि आपल्या गाडीला बसतं."

"टिचकी मारा."

"कशाला?"

"मारा हो!"

मारली. हातमोज्यामुळे आवाज आला नाही, तरी मी जाणकारासारखी मान डोलावली.

"अहो, चांगलंय ना? मग घेऊ दे की," आमची सुलभा मागून म्हणाली. "माझा इकडे जीव टांगणीला लागलाय."

"तू थांब गं! अनिकेतराव, निम्म्याला मागा."

"बाबा, त्याने आधीच कमी केलेत."

"म्हणजे अजून करणार!"

जावयांनी मागितलं. तो माणूस "नो" म्हणाला, तेही हसून.

"झकास! आता चालायला लागा. मागे वळून बघायचं नाही. हाक मारतो की नाही बघा! बोरिवलीच्या मार्केटात मी आयुष्यभर हेच केलंय."

जावई आज्ञाधारक. निघाले.

"बाबा, फाटक आलं."

"चला."

"बाबा, गाडीत बसलो."

"काच खाली ठेवा. हाक ऐकू आली पाहिजे."

"बाबा, हायवे लागला."

मी थोडा विचार केला. "वळवा," म्हणालो.

ते परत पोचले तेव्हा ते पातं दुसऱ्याच कुणाच्या पिकअपला बसवणं चाललं होतं. "तुम्ही निघून गेलात, मला वाटलं तुम्हाला नकोय," तो माणूस म्हणाला. इतक्या सरळ माणसाशी सौदा करायची आपल्याला सवयच नाही हो! त्या रात्री सुलभाच्या आमटीत मीठ नव्हतं आणि ते मागायची माझी हिंमत नव्हती.

हलकं पातं पुन्हा मिळालंच नाही. बाळंतपणासाठी आमची तिकिटं आधीच काढलेली होती, त्याप्रमाणे आम्ही कॅनडात पोचलो. आणि कळा सुरू झाल्या त्याच सकाळी दारात गुडघाभर बर्फ! अनिकेतराव, मी आणि दोन फावडी. तेजू खिडकीत उभी राहून कण्हत होती. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. हात सोलवटले, पण वाट मोकळी झाली, गाडी वेळेवर निघाली आणि आम्हाला नात झाली. मी दवाखान्यात भोकाड पसरून रडलो. (नातीपेक्षा मोठ्याने, असं सुलभाचं म्हणणं.)

तेव्हापासून रोज सकाळी फावडं माझ्याकडे. कालच सुलभा चारकोपच्या शेजारणीला फोनवर सांगत होती, "प्लाऊ ना? मिळाला गं! सेकंडहँडच आहे. वजनाला हलका. सकाळी चालू व्हायला वेळ लावतो, कुरकुर फार करतो, पण काम होतं. छे गं, इथे कुठला मिळायला? येताना घरूनच आणला."

मी निमूटपणे माकडटोपी चढवली आणि फावडं घेऊन बाहेर पडलो.